ढेकूण शोधणारी उपकरणं: भाड्याने घ्यावीत की विकत?

हा हिशेब बहुतेक जण किमतीपासून सुरू करतात. माझ्या मते तो रात्रींपासून सुरू करायला हवा. उपकरण खोलीत किती रात्री ठेवावं लागेल, आणि त्या रात्री खोलीत कोणी झोपणार आहे की नाही, ही दोन उत्तरं मिळाली की निम्म्याहून जास्त निर्णय तिथेच होतो. किंमत त्यानंतर बघायची.

याचं कारण ढेकणाच्या वागण्यात आहे. तो रोज बाहेर पडत नाही. पाच-दहा मिनिटांत पोटभर रक्त प्यायला की पुढचे ३ ते ७ दिवस फटीत पडून राहतो. मादी त्या काळात अंडी घालते. अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं असतं, फटीत चिकटलेलं असतं आणि उबदार हवेत ६ ते १० दिवसांत फुटतं. बाहेर आलेलं पिल्लू दीड मिलिमीटरचं आणि जवळजवळ पारदर्शक असतं. त्याला पाच वेळा कात टाकायची असते आणि दर वेळी त्याआधी रक्त लागतं. म्हणजे खोलीत दहा ढेकूण असले तरी एखाद्या रात्री त्यातले दोन-तीनच भुकेले असतात. सापळ्यात येतात ते हेच. एका रात्रीचा रिकामा सापळा त्यामुळे फारसं काही सिद्ध करत नाही. भाड्याच्या व्यवहारात मात्र लोक नेमकी एकच रात्र मागतात.

पलंगाच्या पायाखालच्या वाट्या: या विकतच घ्या

सर्वांत साधं आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे पलंगाच्या प्रत्येक पायाखाली ठेवायची दुहेरी वाटी. बाजारात तिला इंटरसेप्टर म्हणतात. मधल्या खळग्यात पलंगाचा पाय उभा राहतो आणि त्याभोवती दुसरा गोल खळगा असतो. बाहेरची भिंत खडबडीत असते, त्यामुळे ढेकूण चढून येतो. आतल्या भिंती गुळगुळीत असतात, त्यामुळे पडल्यावर त्याला वर येता येत नाही. बाहेरच्या खळग्यात सापडलेला ढेकूण बहुधा खोलीतून पलंगाकडे निघालेला असतो आणि मधल्या खळग्यातला पलंगावरून खाली उतरलेला. मुक्काम गादीत आहे की भिंतीच्या पट्टीमागे, याचा अंदाज यातून येतो.

इथे आमिष तुम्ही स्वतः असता. झोपलेल्या माणसाचा श्वास, अंगाची ऊब आणि वास यांच्या मागावर ढेकूण निघतो. त्यामुळे पलंगावर रोज झोपायलाच हवं. भीतीने दुसऱ्या खोलीत झोपायला गेलात तर वाट्या रिकाम्या राहतात आणि उपाशी ढेकूण तुमच्या मागे त्या खोलीत येऊ लागतात.

वाट्या किमान १४ रात्री ठेवायच्या. तेवढ्या काळात पडून राहिलेले ढेकूण पुन्हा भुकेले होतात आणि आधी घातलेली बरीचशी अंडी फुटतात. फवारणी किंवा उष्णतेचा उपचार झाल्यावर पुन्हा ८ आठवडे पाळत ठेवायची असते, कारण वाचलेल्या अंड्यांतली पिल्लं उशिरा दिसतात. दोन्ही मिळून ७० रात्री होतात. इतक्या रात्रींसाठी प्लास्टिकच्या वाट्या भाड्याने घेण्यात अर्थ नाही.

किती घ्यायच्या? पलंगाला चार, सोफ्याला चार, शिवाय ज्या भिंतीला फर्निचर टेकलेलं आहे तिच्या कोपऱ्यांत दोन ते चार. एका झोपायच्या खोलीच्या घराला १२ पुरतात. खरेदीआधी पलंगाच्या पायाची जाडी मोजा, कारण चौकोनी जाड पाय अनेक वाट्यांत बसत नाहीत. पलंग जड असेल तर मधल्या खळग्यात प्लायवूडचा छोटा तुकडा ठेवा, नाहीतर प्लास्टिकला तडा जातो. खाली गालिचा असेल तर वाटीच्या खाली टाइल ठेवा, म्हणजे ती वाकणार नाही.

वाट्या फसतात त्याची कारणं बहुधा अशी असतात. पलंग भिंतीला टेकलेला असतो, चादर जमिनीला लोळत असते किंवा चार्जरची वायर उशीपासून थेट जमिनीवर गेलेली असते. ढेकणाला तेवढा पूल पुरतो. पलंग भिंतीपासून वीतभर सरकवा आणि चादर गादीखाली खोचा. वाटीत साचलेली धूळ हे दुसरं मोठं कारण. धुळीमुळे गुळगुळीत भिंत खडबडीत होते आणि पडलेला ढेकूण वर चढतो. आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन बघायचं, दोन आठवड्यांनी वाटी पुसून कापसाच्या बोळ्याने टाल्कम पावडरचा अगदी पातळ थर आतल्या भिंतींना लावायचा. पावडरचे ढीग करू नका, त्यात पिल्लं दिसत नाहीत. निवड करता आली तर काळ्या रंगाच्या वाट्या घ्या. चाचण्यांमध्ये पांढऱ्यापेक्षा काळ्या सापळ्यांत जास्त ढेकूण आले आहेत आणि फिकट पिल्लंही काळ्यावर पटकन नजरेत भरतात.

उष्ण प्रदेशात राहणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. माणसाच्या घरात राहणाऱ्या ढेकणांच्या मुख्य जाती दोन: समशीतोष्ण भागातला सायमेक्स लेक्ट्युलॅरियस आणि उष्ण कटिबंधातला सायमेक्स हेमिप्टेरस. दुसऱ्याच्या पायांवर पकड घेणारे केस जास्त असतात, त्यामुळे पहिल्याला अडवणाऱ्या गुळगुळीत भिंतीवर तो बऱ्याचदा चढून जातो. वाट्यांबद्दलचे बरेचसे आकडे पहिल्या जातीवरच्या चाचण्यांतून आलेले आहेत. तुमच्याकडे दुसरी जात असण्याची शक्यता असेल तर वाट्या दर दोन-तीन दिवसांनी बघा, पावडर लवकर बदला आणि रिकाम्या वाटीवर कमी विश्वास ठेवून टॉर्चच्या तपासणीवर जास्त भर द्या.

खालपर्यंत बंद असलेल्या, सामान ठेवायच्या पेटीच्या पलंगाला पायच नसतात. तिथे चारही कोपऱ्यांशी जमिनीवर, पलंगाला चिकटून सपाट सापळे ठेवावे लागतात आणि महिन्यातून निदान दोनदा पेटी पूर्ण रिकामी करून बिजागऱ्या, स्क्रूची भोकं आणि फळ्यांचे सांधे बघावे लागतात.

वायू सोडणारे सापळे: इथे भाड्याचा विचार खरा

दुसऱ्या प्रकारचं उपकरण माणसाची नक्कल करतं. ते कार्बन डायऑक्साइड सोडतं, काही यंत्रं त्यासोबत ऊब आणि वासाचं आमिषही देतात. या यंत्रांची किंमत वाट्यांच्या कितीतरी पट असते, आणि त्यांची खरी जागा एकच: रिकामी खोली. माणूस झोपलेल्या खोलीत हे यंत्र लावलं तर ते तुमच्याशी स्पर्धा करतं आणि हरतं.

रिकामी खोली म्हणजे नव्याने राहायला जायचं घर, वसतिगृहातली सुट्टीत रिकामी झालेली खोली, पाहुण्यांनी सोडलेली खोली. सामान हलवण्याआधी चार रात्री असं यंत्र लावणं हा भाड्याचा अगदी योग्य वापर आहे. चार रात्री कशासाठी, ते वर आलंच: एका रात्रीत सगळे भुकेले नसतात. आठवडा मिळाला तर आणखी चांगलं. खोलीत नुकतीच फवारणी झाली असेल तर मात्र लगेच यंत्र आणू नका. औषधाने मंदावलेले ढेकूण बाहेर पडत नाहीत, तुमच्या रात्री वाया जातात आणि भाडं चालू राहतं.

वायूचा हिशेब स्वतः करा, कारण भाड्यात बऱ्याचदा फक्त यंत्र असतं, वायू नसतो. झोपलेला माणूस मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. यंत्राने निदान तेवढा तरी सोडायला हवा. १० तासांच्या रात्रीला हे १२० लिटर होतात, वजनात साधारण २२० ग्रॅम. चार रात्रींना ९०० ग्रॅमच्या आसपास. भाड्याने आलेलं सिलिंडर वजन करून घ्या आणि पहिल्या रात्रीनंतर पुन्हा वजन करा. २०० ग्रॅमच्या जवळपास घट दिसली नाही तर नळी तुंबली आहे किंवा झडप नीट उघडलेली नाही, आणि त्या रात्रीचा निकाल धरायचा नाही. घट फारच जास्त असेल तर गळती शोधा. हा तराजूचा उपाय फार कमी लोक करतात, पण रिकामा सापळा आणि बंद पडलेला सापळा यांतला फरक ओळखायची हीच सोपी खूण आहे.

यंत्राऐवजी ड्राय आइस वापरता येतो. १ किलो ड्राय आइसपासून सुमारे ५४० लिटर वायू होतो, म्हणजे एका रात्रीला भरपूर. तो जाड थर्मासच्या डब्यात ठेवायचा, झाकण किंचित सैल ठेवायचं आणि डबा सापळ्याच्या मधोमध ठेवायचा. झाकण घट्ट लावलं तर दाब वाढून डबा फुटतो. ड्राय आइसचं तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास असतं, उघड्या हाताने धरू नका. ३० घनमीटरच्या बंद खोलीत ५४० लिटर वायू म्हणजे हवेच्या जवळपास १.८ टक्के. त्या खोलीत कोणीही झोपू नये, लहान मुलं आणि पाळीव प्राणी तर आत जाताच कामा नयेत. हा वायू जड असल्याने जमिनीलगत साचतो. सकाळी खिडक्या उघडून थोडा वेळ थांबा आणि मगच वाकून सापळा बघा.

तिसरा मार्ग साखर आणि यीस्टचा. ३ लिटर कोमट पाणी, ७५० ग्रॅम साखर आणि १५० ग्रॅम कोरडं यीस्ट मोठ्या भांड्यात मिसळायचं. भांडं मिश्रणाच्या दुप्पट मोठं घ्या, कारण फेस चढतो आणि नळीत शिरतो. वायू बाहेर जायला वाट ठेवलीच पाहिजे. पाणी ४० अंशांच्या फार वर गेलं तर यीस्ट मरतं, थंड असेल तर रात्र संपत आली तरी वायू येत नाही. वायूचा वेग पहिल्या काही तासांनंतर उतरत जातो, म्हणून रोज ताजं मिश्रण लागतं. एका खोलीला चार रात्री हे करणं शक्य आहे. दहा खोल्यांना रोज करणं कोणालाच जमत नाही, आणि मग यंत्राकडे वळावं लागतं.

हिशेब

समजा यंत्राचं एका दिवसाचं भाडं त्याच्या किमतीच्या पंचविसाव्या भागाइतकं आहे. सुरुवातीच्या ४ रात्री आणि उपचारानंतरच्या फेरतपासणीच्या ४, अशा ८ रात्रींचं भाडं किमतीच्या एक तृतीयांशापेक्षा थोडंसं कमी होतं. त्यात दोन वेळच्या ने-आणीचा खर्च, वायू आणि आमिष मिळवा. तरीही भाडं परवडतं. वीस खोल्यांच्या वसतिगृहात प्रत्येक खोलीला ४ रात्री म्हटलं तर एका फेरीलाच ८० रात्री होतात. तिथे भाडं किमतीच्या तिपटीवर जातं, म्हणून यंत्र विकत घ्यावं. शक्य असेल तर दोन, म्हणजे फेरी ४० दिवसांत संपते. ८० दिवस लागले तर शेवटच्या खोलीपर्यंत पोचेपर्यंत पहिल्या खोलीत पुन्हा ढेकूण आलेले असू शकतात.

वायू आणि आमिष दोन्हीकडे लागतातच, म्हणून तुलना करताना ते वगळा. पण यंत्र विकत घेतल्यावर पुढे त्याची आमिषं मिळत राहतील का, हे नक्की विचारा. एकाच कंपनीची, एकाच आकाराची कुपी लागणारं यंत्र त्या कुपीशिवाय निरुपयोगी होतं.

कॅमेऱ्याच्या सापळ्यांचा हिशेब वेगळा. आमिषाच्या डबीत शिरलेल्या किड्याचं चित्र काढून ते फोनवर पाठवणारी ही उपकरणं. वस्तू विकत घेतली तरी दर महिन्याची वर्गणी भरावी लागते, म्हणजे प्रत्यक्षात ते भाडंच. वर्गणी थांबवल्यावर सापळा साधा सापळा म्हणून तरी चालतो का, आणि मूळ चित्र तुम्हाला बघायला मिळतं की फक्त इशारा येतो, हे आधी विचारून घ्या. चित्र मिळत नसेल तर घेऊ नका. झुरळाची पिल्लं, गालिच्यातल्या भुंग्याच्या अळ्या, पुस्तकातल्या उवा यांना यंत्र ढेकूण समजू शकतं. खोल्या बऱ्याच असतील आणि रोज फिरून वाट्या बघायला माणूस नसेल तिथे ही उपकरणं कामाची आहेत. एका घरासाठी मी ती सुचवणार नाही.

कुत्रा हा भाड्याचाच प्रकार

वासावरून ढेकूण शोधायला शिकवलेला कुत्रा तासाभरात बरीच मोठी जागा बघतो. त्याच्या अचूकतेबद्दल मोठे आकडे सांगितले जातात. फ्लोरिडा विद्यापीठातल्या २००८च्या अभ्यासात, नियंत्रित परिस्थितीत, कुत्र्यांनी ९७.५ टक्के ढेकूण ओळखले होते. २०१४मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष राहत्या घरांमध्ये वेगवेगळ्या पथकांचे कुत्रे तपासले, तेव्हा सरासरी ४४ टक्क्यांवर आली आणि ढेकूण नसताना इशारा देण्याचं प्रमाण १५ टक्के निघालं. पथकापथकात फरकही प्रचंड होता. म्हणून कुत्र्याने इशारा दिलेल्या जागी हाताळणाऱ्याने ढेकूण, अंडी किंवा ताजी कात प्रत्यक्ष दाखवलीच पाहिजे, ही अट आधीच घाला. नुसत्या इशाऱ्यावर फवारणी करून घेऊ नका.

जे भाड्यानेही नको

उष्णता दाखवणारा कॅमेरा ढेकूण शोधायला उपयोगी नाही. ढेकणाचं स्वतःचं तापमान आजूबाजूच्या हवेइतकंच असतं, त्यामुळे फटीत बसलेला ढेकूण त्यात वेगळा दिसत नाही. हातात धरून फिरवायची, हवेतला वायू हुंगून ढेकूण सांगणारी यंत्रंही टाळा. चार-दोन ढेकणांपेक्षा तुमच्याच श्वासातून कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. ध्वनिलहरींनी ढेकूण पळवणारी उपकरणं शोधतही नाहीत आणि पळवतही नाहीत.

त्यापेक्षा चांगला टॉर्च, भिंग आणि फटीत सरकवायला एक पातळ प्लास्टिकचं कार्ड घ्या. काळे ठिपके दिसले तर ओल्या पांढऱ्या कापडाने पुसा. ढेकणाची विष्ठा पचलेलं रक्त असते, ती तांबूस-तपकिरी पसरते. सापडलेला किडा पारदर्शक चिकटपट्टीवर किंवा स्पिरिटच्या कुपीत जपून ठेवा. अंगावरच्या गांध्यांवरून ठरवू नका, काही माणसांच्या अंगावर ढेकूण चावल्याची खूणही उठत नाही.

भाड्याने घेताना

भाड्याचा सर्वांत मोठा धोका पैशांचा नाही. ते यंत्र काल ज्या खोलीत होतं तिथे ढेकूण असण्याची शक्यता खूप आहे, त्यासाठीच तर ते तिथे नेलं होतं. स्क्रूची भोकं, बॅटरीचा कप्पा, पंख्याची जाळी, वाहून न्यायच्या पिशवीची शिवण, या सगळ्या ढेकणाला आवडणाऱ्या जागा. देणाऱ्याला विचारा की दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये यंत्र कसं स्वच्छ होतं. "पुसून घेतो" हे उत्तर पुरेसं नाही. कापडी पिशवीसह मिळणारं यंत्र शक्यतो घेऊ नका, कडक प्लास्टिकच्या पेटीतलं घ्या. पेटी बाथरूमच्या फरशीवर उघडा, टॉर्चने प्रत्येक फट बघा, कार्ड फिरवा आणि मगच खोलीत न्या.

बाकी अटी लेखी घ्या. आमिषाची कुपी नवी आणि सीलबंद असावी, कारण उघडलेली कुपी काही आठवड्यांत निकामी होते. भाडं पोचल्याच्या दिवसापासून मोजतात की पाठवल्याच्या? यंत्र मधेच बंद पडलं तर वाया गेलेल्या रात्री वाढवून मिळतात का? सापळ्यात ढेकूण सापडले म्हणून अनामतीतून सफाईचे पैसे कापतात का? आणि यंत्र देणारा स्वतःच फवारणीही विकत असेल तर सापळा उघडताना तुम्ही समोर असायला हवं.

परत देताना सापळ्याची ताटली गरम साबणाच्या पाण्याने धुवा आणि यंत्र जाड पिशवीत बंद करून त्यावर तारीख लिहा. इलेक्ट्रॉनिक भाग बनवणाऱ्याने परवानगी दिल्याशिवाय तापवू किंवा गोठवू नका. विकत घेतलेल्या प्लास्टिकच्या वाट्या मात्र उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ४ दिवस ठेवता येतात, त्यात अंडीसुद्धा मरतात. पुन्हा वापरण्याआधी त्यांच्या आतल्या भिंतीवरून नख फिरवून बघा. ओरखडा लागला तर ती वाटी टाकून द्या, कारण ढेकणाला वर चढायला तेवढी पकड पुरते. जुन्या, दुसऱ्याने वापरलेल्या वाट्या घेतानाही हीच परीक्षा करा.